मर्व्हच्या करवतीचे आटे

१८ मार्च, शनिवार

आटे साफ गेलेत! स्टड, म्हणजे पातं धरणारा आट्यांचा दांडा, नुसत्या बोटांनी ओढला आणि हातात आला. भोवती केसिंगचा, करवतीच्या सांगाड्याचा, मऊ पांढरा धातू वेटोळ्यासारखा गुंडाळलेला, जसाच्या तसा. एक आटा शिल्लक नाही भोकात.

मर्व्ह हॅलेट सकाळी आला. करवत गोणपाटात गुंडाळून, तान्हं पोर धरावं तशी काखेत धरून. ही त्याची छोटी चेनसॉ. जंगलखात्याच्या कामातून निवृत्त झाला तेव्हा मोठ्या सगळ्या विकल्या, एवढी ठेवली घरच्या सरपणापुरती. "बघ रे ग्लेन, हिचं काही होतंय का," म्हणाला. "नसेल होत तर तसं सांग. मला वाईट वाटणार नाही."

नसेल होत! माझ्या शेडमध्ये उभा राहून!

या करवतीचं पातं दोन स्टडवर बसतं. त्यावर झाकण, झाकणावर दोन नट. त्यातला पुढचा स्टड उपटलाय. आणि आपोआप नाही. करवतीबरोबर जो पाना येतो तो वीतभर लांबीचा. त्याने कोणाच्या बापाला एवढा जोर लावता येणार नाही. जोर वाढवायला पान्याच्या दांड्यावर नळी चढवलेली दिसतेय. नटाच्या कडा गोल झाल्यात, झाकणाच्या प्लास्टिकमध्ये नट रुतून बसलाय. मर्व्हने असं करावं! ज्याने या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना झाड पाडायला शिकवलं! वय, दुसरं काय. हाताचा अंदाज गेला की माणूस नळी शोधायला लागतो.

करवत मात्र लख्ख. साखळीला नवी धार, पात्याच्या खाचेत भुसा औषधालाही नाही. हत्यार दुरुस्तीला आणावं तर असं. बाकीचे लोक निम्मं जंगल आत घालून आणतात.

लवकर करून द्यायला हवी. परवा त्याच्या घरावरून गेलो तेव्हा लाकडाची शेड रिकामी दिसली, थेट मागच्या भिंतीचा पत्रा दिसत होता. २५ एप्रिलच्या अँझॅक डेच्या आत लाकूड आत — हे इथे कोणी कोणाला सांगत नाही, सगळे करतात. आणि त्यात त्याच्या बायकोची, बेरिलची, छाती ही अशी. मे लागला की हिवाळा, आणि त्या घरात शेगडी विझून चालायचं नाही.

१९ मार्च, रविवार

शेजारचा ट्रेव्ह अंडी न्यायला आला. बाकावर करवत बघितली. "मर्व्हची ना? बंद पडली? मग शनिवारी आम्ही दोघं-तिघं मिळून एक पिकअप टाकतो त्याच्या दारात. दोन टाकू. माझ्याकडे स्ट्रिंगीबार्कचं लाकूड आहे, दोन वर्षं वाळलेलं."

म्हटलं, "कशाला? शुक्रवारी देतोय मी."

"नक्की? सामान मिळायला वेळ लागतो म्हणे."

"मी कधी बोललेला दिवस चुकवलाय?"

"नाही रे बाबा! तुझ्या शेडकडे बघून आम्ही आमची घड्याळं लावतो," असं म्हणून अंडी घेऊन गेला. टोमणा होता, पण खोटा नव्हता.

रॉझ भांडी विसळत होती. "आली असती एखादी गाडी तर काय बिघडलं असतं?" तिला समजावून सांगितलं — बाहेरची आहे ती, होबार्टची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी या गोष्टी सांगाव्याच लागतात. करवत बंद असेल तर शेजारी लाकूड टाकतात, घेणारा घेतो, कोणी चकार शब्द काढत नाही. करवत दुरुस्तीला गेलीय, एवढं पुरे. पण ज्याची करवत चालू आहे त्याच्या दारात लाकूड टाकणं म्हणजे तोंडावर 'तू संपलास' म्हणणं. खालच्या वळणावरच्या म्हाताऱ्या पर्सीला कोणीतरी असंच दिलं होतं चांगुलपणाने. त्याने एक-एक ओंडका परत रस्त्यावर नेऊन टाकला. पाठ धरली पण टाकला.

"म्हणजे दोन आठवडे बंद राहिली असती तर मर्व्हला लाकूड मिळालं असतं," रॉझ म्हणाली.

"मिळेलच की. स्वतःचं स्वतः कापेल."

तिने ताट दोनदा पुसलं.

२१ मार्च, मंगळवार

तारेच्या आट्यांचा संच मागवला. बसने येईल.

काम असं: गेलेलं भोक थोडं मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे, आणि त्या आट्यांत स्टीलच्या तारेची गुंडाळी फिरवत बसवायची. गुंडाळीच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे तयार मिळतात. मूळ केसिंग मऊ धातूचं. ही तार पोलादी. म्हणजे दुरुस्त भोक मूळ भोकापेक्षा पक्कं! लोकांना हे पटत नाही. दुरुस्त केलेली वस्तू नेहमी थोडी कमीच, असं धरून चालतात.

धोका एकच. भोकाच्या मागे तेलाची टाकी आहे. मधली भिंत नखाएवढी. ड्रिल जरा जास्त गेलं की टाकीला भोक, आणि मग करवत खरोखरच भंगारात. दुसरं म्हणजे भोक तिरकं जाता कामा नये. तिरकं गेलं तर पातं तिरकं बसणार, साखळी एका बाजूने झिजणार, आणि कापताना करवत डावीकडे ओढणार. कोणाला कारण सापडणार नाही. मला सापडेल, म्हणून मला झोप लागणार नाही.

२२ मार्च, बुधवार

बस आली, संच नाही. कोंबड्यांच्या दाराची बिजागरी बदलली.

२३ मार्च, गुरुवार

आला. दुपारीच काम सुरू केलं.

आधी लोखंडाचा ठोकळा घेतला, त्यात लेथवर सरळ भोक पाडलं — ड्रिल बरोबर सरकेल, पण डुलणार नाही, एवढंच. हा ठोकळा मागच्या चांगल्या स्टडवर नट लावून आवळला, म्हणजे पुढच्या भोकावर तो काटकोनात बसतो. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही. असली तर मी वाचलेली नाही. ड्रिलला खोलीच्या खुणेसाठी चिकटपट्टी गुंडाळली. मोजून गुंडाळली, काढली, पुन्हा मोजली.

आणि तरीही गडबड झालीच! मध्येच ड्रिल अडकलं आणि ठोकळा केसभर फिरला. मागचा नट मी सांभाळून आवळला होता, केसिंग जुनं म्हणून. जास्तच सांभाळलं. तिथेच हात काढून घेतला. बाहेर जाऊन कुंपणाला टेकून उभा राहिलो. हार्ट्झच्या डोंगरावर ढग उतरले होते. घाईत केलं असतं तर तिरकं गेलंच होतं. शुक्रवार, शुक्रवार करत बसलो होतो ना.

परत आत. ठोकळ्याला दुसऱ्या बाजूने टेकू दिला, चिमटा लावला, गुण्याने तपासलं. मग हाताने, अगदी हाताने फिरवत, शेवटपर्यंत. चिकटपट्टी काठाला टेकली आणि थांबलो. टाकीत दिवा सोडून बघितलं — भिंत शाबूत.

आटे पाडायच्या हत्याराच्या, टॅपच्या, खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे चुरा आत न पडता ग्रीसला चिकटून बाहेर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुन्हा. याला कोणी पैसे देत नाही, आणि हाच तर भाग मला आवडतो. धातू कापला जातोय ते मनगटाला कळतं. कोणी शिकवलं नाही मला हे. पहिल्या वर्षी चार टॅप मोडले, ते अजून डब्यात आहेत.

२४ मार्च, शुक्रवार

झालं!

गुंडाळी काठाच्या किंचित खाली बसवली, खालची शेपटी तोडून चिमट्याने काढली — ती आत राहिली तर स्टड पूर्ण जात नाही. नवा स्टड आट्यांना गोंद लावून बसवला. नवे नट. झाकणावरचा रुतलेला खड्डा पातळ वायसर ठेवून झाकला. पातं, साखळी, तेल. दुसऱ्या ओढीला सुरू. निलगिरीचा एक जाड ओंडका पडला होता, त्यातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. सरळ! भुशाची रेघ बघत बसलो, मग साखळी साफ करून पुन्हा धार लावली.

रॉझने स्कॅलपचा, शिंपल्यांचा, पाई भाजला होता. मी आधी हात धुवावेत म्हणून दारातच ओरडली.

२५ मार्च, शनिवार

करवत पोचवली. मर्व्ह अंगणात खुर्चीवर बसला होता, हात काखेत.

"एवढ्यात?" म्हणाला.

"शुक्रवार म्हटलं होतं, एक दिवस उशीरच झाला."

"नाही, म्हणजे... घाई नव्हती रे गड्या."

मग मी त्याला सगळं दाखवलं. गुंडाळी, वायसर, सगळं. आणि म्हटलं, बुवा आता एक ऐक. पात्याचं टोक वर उचलून धर, नट दोन बोटांच्या जोराने आवळ, वर थोडंसं. बास. नळी लावू नकोस. साखळी गरम असताना ताणू नकोस, गार झाली की आकसते आणि सगळा ताण स्टडवर येतो. तो मान हलवत ऐकत होता. शाळेतल्या पोरासारखा. बोलून झाल्यावर माझं मलाच जरा चमत्कारिक वाटलं. साखळी ताणायला मी कोणाचं बघून शिकलो? लांबून बघून का होईना, याचंच.

बेरिल खोकत दारापर्यंत आली. करवतीकडे बघितलं. "अगं बाई, झाली का," म्हणाली, आणि आत गेली. थोड्या वेळाने क्विन्स फळांच्या मुरंब्याची बरणी आणून दिली.

मर्व्हने पैसे विचारले, मी नाही म्हटलं. रीतीप्रमाणे दोघंही एकेकदा रागावलो.

२ एप्रिल, रविवार

मर्व्हच्या बाजूने करवतीचा आवाज नाही. वारा उलटा असेल.

९ एप्रिल, ईस्टर

हार्ट्झवर पहिला बर्फ. सफरचंदाची तोडणी संपत आली, ट्रेव्हची पाठ गेली. चर्चमध्ये मर्व्ह एकटाच. बेरिलला बरं नाही म्हणाला. रॉझ सूप घेऊन गेली.

१५ एप्रिल, शनिवार

दुरुस्ती कशी टिकतेय ते बघावं म्हणून गेलो. पहिली टाकी संपली की एकदा नट तपासायचा असतो — आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं.

मर्व्हची पिकअप मागच्या रानाच्या वाटेवर उभी. तो एका पडलेल्या झाडावर बसलेला, करवत शेजारी. आसपास कापलेलं काही नाही. एका फांदीवर फक्त कोयत्याचे घाव.

"काय झालं?"

"घेत नाही ही. दोरी ओढतोय."

मी काहीतरी उलटं बसवलं का? उचलली, चोक लावला, ओढली. सुरू! पहिल्याच ओढीला! "बघ!" मी ओरडलो. "पहिल्याच!"

"हो की," मर्व्ह म्हणाला. "तुझ्या हाताला घेते."

करवत त्याच्यापुढे धरली. त्याने लगेच घेतली नाही. मग हात काखेतून काढले. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी, मेणबत्तीसारखी. मूठ वळली पण पूर्ण वळली नाही. "थंडी," म्हणाला. एवढी थंडी नव्हती. आयुष्यभर करवत धरलेल्या माणसांची बोटं अशी होतात, इथे सगळ्यांनी बघितलंय. पण त्याची मी आज पहिल्यांदा बघितली. बाहेर असला की तो हात कधी काखेतून काढतच नाही.

"आण इकडे," म्हटलं. "आलोच आहे तर चार ओंडके मारतो."

त्याने बटण दाबून करवत बंद केली. "माझी करवत चालू आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. जा घरी, ग्लेन. रॉझ वाट बघत असेल."

येताना नट तपासला. जागचा हललेला नाही.

१६ एप्रिल, रविवार

रॉझ बेरिलकडून आली. कोट न काढता बसली.

"शेगडी दुपारी चारनंतर पेटवतात. तोपर्यंत ती पलंगावर, अंगावर तीन ब्लँकेटं. जुन्या कुंपणाचे खांब जाळतायत."

"करवत उत्तम चालतेय," मी म्हटलं. "मी स्वतः सुरू करून बघितली."

"मी करवतीचं विचारलं का?"

शेडमध्ये गेलो. दोरी ओढायला जड जात असेल तर मोठी मूठ बसवता येईल. लाकडाची, तळहातात मावेल अशी. बोटं वळली नाहीत तरी चालेल. उद्या लेथवर करतो.

१८ एप्रिल, मंगळवार

मूठ दिली. छान झालीय, ब्लॅकवुडची. मर्व्हने बराच वेळ हातात फिरवली. "तू माझा फार विचार करतोस रे पोरा," म्हणाला. मला वाटलं तो हसतोय. हसत नव्हता.

२५ एप्रिल, मंगळवार

अँझॅक डे. शहीद सैनिकांसाठी पहाटेची प्रार्थना. स्मारकापाशी सगळे होते, धुकं, कोणाची तोंडं दिसत नव्हती. मर्व्ह मागे उभा, हात काखेत. नंतर हॉलमध्ये चहा घेताना कप दोन तळव्यांत धरून प्यायला.

ट्रेव्हने मला बाजूला घेतलं. "त्याची शेड बघितलीस? काटक्या! एक रांग काटक्यांची! बेरिल खोकून खोकून मरेल ना रे."

"मग टाक ना गाडी."

"कशी टाकू? करवत चालू आहे त्याची. गॅसच्या दुकानापाशी तूच सगळ्यांना सांगत होतास, नव्यापेक्षा पक्की म्हणून. पर्सीसारखं रस्त्यावर आणून टाकेल तो, आणि त्यातच मरेल."

मी सांगत होतो खरं.

येताना मी, ट्रेव्ह आणि आणखी एकजण मर्व्हच्या घरावरून आपापल्या पिकअपमधून गेलो. तिघांनीही वेग कमी केला. कोणी थांबलं नाही.

३० एप्रिल, रविवार

दव गोठलं. पाण्याचा नळ सकाळी दहापर्यंत बंद. मर्व्हच्या धुराड्यातून धूर नाही.

कारण शोधायची मला सवय आहे. वस्तू बिघडली की कुठे बिघडली ते सापडतंच. सापडेपर्यंत मी सोडत नाही. इथे सगळं जागच्या जागी आहे. करवत चालते. लाकूड आहे. माणसं आहेत, त्यांच्याकडे गाड्या आहेत. आणि एक म्हातारी ब्लँकेटं घेऊन बसलीय. रॉझला म्हटलं, काय चुकलंय तेच कळत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, माझी कीव आल्यासारखी, आणि म्हणाली, "खरंच कळत नाही तुला?"

नाही.

६ मे, शनिवार

मर्व्ह करवत घेऊन आला. या खेपेला मागचा स्टड. मुळापासून उपटलेला.

तो बाकाशी उभा होता, मी भिंगातून बघत होतो. साखळीवर भुशाचा कण नाही. मी दिलेली धार तशीच आहे. माझ्याकडून गेल्यापासून ही करवत लाकडाला लागलेलीच नाही. मार्चमध्येही लागली नव्हती. मागच्या नटाच्या कडा गोल — नळी. आणि पुढच्या, माझ्या नटाच्याही. तिथले ठसे जास्त खोल. आधी तिथेच जोर लावला त्याने, बराच वेळ लावला असणार, त्या हातांनी. माझे आटे सुटले नाहीत. म्हणून मग मागचा.

भिंग खाली ठेवलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"हे अवघड आहे, मर्व्ह," म्हटलं. "केसिंगच गेलंय. भाग कुठून येतो, कधी येतो, सांगता येत नाही. हिवाळा जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला. मग दारापाशी वळून, "थँक्यू, ग्लेन."

तो गेल्यावर ट्रेव्हला फोन केला. सांगितलं, मर्व्हची करवत पुन्हा बंद पडलीय आणि माझ्याच्याने दुरुस्त होत नाही.

तो जो हसत सुटला! "काय? कोणाच्याने? ए, स्पीकरवर टाकतोय, सगळे इथेच आहेत. परत म्हण!"

परत म्हटलं.